कायमचा पत्ता

इथे आखातात, सित्र्यातल्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर आहेत. माझ्या टेबलाशी आले की आधी टोपी काढतात, मग हातातला कागद सरळ करतात, आणि बोलणं 'खलास' म्हणून संपवतात. कामगारांचे पासपोर्ट, व्हिसा मी बघते. यंदा त्यांनी मला अगदी रडकुंडीला आणलं.

विदर्भातलं त्यांचं लहानसं गाव. एका सिमेंट कंपनीने तिथे नळयोजना करून दिली आणि त्या बदल्यात ग्रामपंचायतीने गावाला कंपनीचंच नाव दिलं. आधार कार्डावरही ते आलं. हे मात्र पासपोर्टच्या नूतनीकरणाच्या अर्जात जुनंच नाव लिहीत राहिले आणि अर्ज दोनदा परत आला.

"अहो, पुढच्या महिन्यात तुमच्या मुलीचं लग्न आहे. पासपोर्टच नसेल तर जाणार कसे?"

"मॅडम, पाणी आलं ते चांगलंच झालं. मायची पायपीट वाचली. पण नाव बदलताना आम्हाला कोणी विचारलं नाही. खलास."

शेवटी वैतागून मीच अर्ज टाइप केला. त्या नव्या नावावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि सही केली.

पासपोर्ट आला, तसे ते रजेचा अर्ज घेऊन आले. 'रजेच्या काळातला पत्ता' या रकान्यात पुन्हा जुनं नाव, तेही ठळक अक्षरांत. मी कपाळाला हात लावला, आणि शिक्का मारला.

सहीसाठी अर्ज गेला तेव्हा मॅनेजरने विचारलं, "ये जगह किधर है?"

"इनका गांव है," मी म्हटलं.