पाय काढून देवघरात येतं का कुणी?

फोन आला तेव्हा मी फाटकाची कडी काढून ठेवत होते. मंगळवार, कलैसेल्वी पापनाशम्‌हून बसने यायची वेळ. फोनवर तिचा नवरा. "पाटी, ती आता येणार नाही." पाटी म्हणजे आजी, इथे सगळे मला तेच म्हणतात. मी शहाणी विचारते कशी, "मग पुढच्या मंगळवारी?"... हृदय बंद पडलं होतं तिचं. वय एक्केचाळीस. पाच आठवडे झाले, पण मंगळवारी मला अजून एका जागी बसवत नाही. फाटकापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते.

कलै फिजिओथेरपिस्ट. माझी नात यमुना जन्मापासून पायांनी ताठर. मेंदूचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिसरं वर्ष सरत आलं तरी धरून उभी केली की टाचा वर आणि गुडघे एकमेकांत. मुलगा-सून नोकरीला, त्यामुळे पोर दिवसभर माझ्या ताब्यात. मी तेव्हा पासष्टीची, म्हणजे अगदीच अल्लड! त्यात सांगलीहून कुंभकोणमच्या मराठी घरात सून होऊन आलेली, सोवळ्यात इथल्यांच्याही दोन पावलं पुढे. कलै स्टुलावर चकली ठेवायची आणि यमुनाला गुडघ्यांवर उभं राहून ती घ्यायला लावायची. मी पुटपुटायची, "चकल्या चारायला पदवी लागते होय?"

मग पट्ट्या आल्या. पोटरीपासून तळव्यापर्यंत मापाचं प्लॅस्टिक, त्यावर बूट. टाच टेकलेली राहावी म्हणून दिवसभर घालायच्या. पण आमचं घर लांबट, देवघर मधोमध. बूट घालून तिथून जायचं? मी उंबऱ्यातच काढून ठेवायची, आणि मंगळवारी कलै यायच्या आधी घालायची. सहा महिने चालली ही हुशारी.

एके दिवशी कलैने बूट उलटे करून पाहिले. तळ कोरे करकरीत. तिने यमुनाचं पाऊल हातात घेऊन हळूच वर वाकवलं. पूर्वी यायचं तेवढंही येईना.

"पाटी, कधीपासून?"

"अगं, देवघर आहे ना... पायातलं आत कसं आणू?"

"हे पायातलं नाही, हे तिचे पाय आहेत. पाय काढून देवघरात येतं का कुणी?" मग देव्हाऱ्याकडे मान वळवून म्हणाली, "आणि तुमचे देव चांदीच्या पादुका घेऊन आतच बसलेत की!"

मला हसू फुटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. आखडलेली टाच सैल करायला दर आठवड्याला नवं प्लास्टर. यमुना रडायची, मी परसात फेऱ्या मारायची. कलैने मुला-सुनेला एवढंच सांगितलं, "वाढत्या वयात स्नायू आखडतात." खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. दोघांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तर हे मराठीत लिहून कबूल करायचं धाडस करतेय. त्या वर्षी आयुधपूजेत विळी-कात्रीशेजारी मी त्या पट्ट्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. कलै म्हणाली, "उशिरा का होईना, पाटीला देव पावला!"

यमुना आता नऊची. भिंतीला हात लावून घरभर चालते. भिंत सोडायची तेवढी राहिली होती. बातमी आली आणि तिने सगळंच सोडलं. "कलैअक्का नाही, तर मी पण नाही." महिनाभर पट्ट्या नाहीत, व्यायाम नाही. तेल लावताना तेच जुनं, न वाकणारं पाऊल पुन्हा माझ्या हाताला लागलं.

गेल्या मंगळवारी मी तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारली. "यमुने, कलैअक्काचं काम मी करणार. मला येत नाही, तू शिकव."

आजीच्या चुका काढायच्या म्हटल्यावर बाई तयार झाल्या. पट्ट्या चढवून भिंतीशी उभ्या राहिल्या. "आजी, असं नाही बसायचं. हात मांडीखाली घे. कलैअक्का तशीच बसायची."

"ते का गं?"

"मी डगमगले की तिला मला धरावंसं वाटायचं ना, म्हणून."

सहा वर्षं मी त्याच खोलीत होते. मला कधी दिसलं नव्हतं.

मी तळवे मांडीखाली दाबले. तिने भिंत सोडली. एक पाऊल, दुसरं... आणि धपकन बसली. माझ्याकडे रागाने पाहिलं. मी हलले नाही. ती गुडघ्यांवर आली, भिंत धरून उठली.

आता आम्ही मंगळवारची वाट बघत नाही, रोज बसतो. बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. यमुना पुन्हा भिंत सोडते... आणि मी हात काढत नाही.