जावई कधी हरत नाही

माझा नवरा राजा आहे. त्याचं राज्य लॅपटॉपमध्ये आहे आणि लॅपटॉप आमच्या अमरावतीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर, म्हणून आम्ही जेवतो खाली बसून. साहेब संध्याकाळी कार्यालयातून आले की बूट काढायच्या आधी त्यांना ड्रॅगनची काळजी. घरातला गॅस संपला तर "मंग?" एवढंच विचारतात. तिकडे शत्रूनं सोन्याची खाण घेतली तर मात्र घास उतरत नाही.

गेम कसा, तर नकाशावर किल्ले, जंगलं, दलदल, खाणी. जादूगार, चेटकिणी, उडणारे साप. एकाची चाल झाली की दुसऱ्याची, तोवर पहिल्यानं हात बांधून बसायचं. शेवटी ज्यानं दुसऱ्याचा मुख्य किल्ला घेतला तो जिंकला. "बुद्धिबळच आहे, फक्त मोठं," असं तो मला समजावतो. मी क्लासमध्ये गणित शिकवते, मला कोणी काही समजावलं की आधीच डोकं फिरतं. बुद्धिबळात घोड्याला आगीची तलवार घेऊन देत नाहीत, एवढं मला कळतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

त्यातही माझ्या नवऱ्याची तऱ्हा और. तो कधी हरतच नाही. एरवी तो एकटाच कॉम्प्युटरविरुद्ध खेळतो. गेम प्रत्येक चालीआधी डाव आपोआप जपून ठेवतो, त्याला सेव्ह म्हणतात. किल्ला पडायला लागला की हा गडी गुपचूप मागचा सेव्ह उघडतो, चुकलेली चाल नव्यानं करतो, आणि जिंकला की मला हाका मारतो. "पाह्य, पाह्य, कसा धुतला!" माझ्या क्लासमधले पोट्टे पेपरात खाडाखोड करतात, पण निदान ती खाडाखोड दिसते तरी.

माणसांशी तो एकाच ठिकाणी खेळतो. अकोल्याला, माझ्या माहेरी. तिथं त्याला सेव्हची गरज पडत नाही, कारण आमच्या घरी जावयाला हरवायची पद्धत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तो कॅरम खेळायला बसला, तेव्हा माझ्या काकांनी राणी भोकाच्या तोंडाशी आणून सोडून दिली. पत्ते खेळताना आई हातात हुकूम असून तो टाकत नाही. जावई खूश होतात, टाळ्या पिटतात, आणखी एक गुळाचं बोंड खातात. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे उरलेले नऊ त्याच्याभोवती फिरतात आणि त्याला वाटतं आपण स्वतःच्या जोरावर चमकून राहिलो.

कॅरमपुरतं असतं तर मी बोललेही नसते. पण बाबांना घरातली कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की तोंडात एकच वाक्य. "जवाई म्हनतीन तसं." कूलर कोणता घ्यायचा, जवाई म्हनतीन तसं. मामाच्या पोरीचं स्थळ कसं आहे, जवाई म्हनतीन तसं. बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, जन्मभर शेतकऱ्यांना कोणत्या रानात काय पेरायचं ते सांगत आले. पण स्वतःच्या पोरीचं काय करायचं ते जावयाला विचारतात!

ती पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानांवर राक्षस काढायची, मग त्या राक्षसांचे नियम करायची. कोण किती चालेल, कोणाला पाण्याची भीती. कॉम्प्युटरची पदवी झाल्यावर तिनं पुण्यात गेम बनवायच्या कोर्सची परीक्षा दिली, आणि तिची निवड झाली. आठवड्याभरात होकार कळवायचा होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धोंड्याच्या जेवनाले जवाई येऊन राहिले. ते म्हनतीन तसं करू."

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. अकोल्याचं ऊन काय सांगावं! मूर्तिजापूर मागं पडलं तसा गाडीतला एसीही हाय खायला लागला. साहेबांच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, गाडी मी चालवत होते. माहेरी पोचल्यावर पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, अनारसे, आमरस. जावयाची आरती झाली, ताटाखाली चांदीचा दिवा निघाला. बाप्पा बाप्पा, काय ते कौतुक! मी त्याच घरची पोरगी, पण मी स्वयंपाकघरात अनारसे तळून राहिले होते.

जेवण झाल्यावर बाबांनी पुण्याचा विषय काढला. साहेबांनी ढेकर दिली आणि म्हणाले, "गेम बनवायची म्हणते ना? मंग आधी खेळता येते का ते पाहू. बसा साळीबाई." म्हणजे पोरीच्या आयुष्याचा निकाल आता ड्रॅगन लावणार. मी कढईपाशी होते, झारा हातात तसाच राहिला.

बहिणीचा चेहरा मात्र उजळला. तिला वाटलं, बरं झालं, हीच तर माझी परीक्षा. एका लॅपटॉपवर दोघं खेळायला लागले. आपली चाल झाली की उठायचं आणि खुर्ची दुसऱ्याला द्यायची. कूलरसमोर बाबा आडवे झाले होते, पण डोळे उघडे. मी मधून मधून येऊन पाहत होते. माझ्या नवऱ्याची चाल म्हणजे वरात, संपता संपत नाही. हिची चाल म्हणजे दोन-तीनदा टकटक, आणि उठली. थोड्या वेळानं साहेबांची बडबड बंद झाली. त्यांना घाम फुटला होता आणि तो उन्हाचा नव्हता.

तेव्हा आई आंब्याच्या फोडी घेऊन बाहेर आली. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण जावयाचं तोंड बरोबर वाचता येतं. तिनं ताटली ठेवली, बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "जवाई हायेत ना माय ते. आजच्या दिवशी तरी."

बहिणीनं वर पाहिलं. आईकडे, मग माझ्याकडे. मी नको नको म्हणून मान हलवली, पण आईचा हात पाठीवर होता आणि माझी मान दारात. तिनं आपल्या मुख्य किल्ल्यातलं सगळं सैन्य बाहेर काढलं, दूर जंगलात नेऊन उभं केलं, आणि खुर्ची सोडली. साहेबांचे ड्रॅगन उघड्या दारातून आत गेले. असा आरडाओरडा, की शेजारचे डोकावले!

"बाबा, हिच्यात काही दम नाही," फोड तोंडात टाकत तो म्हणाला. "पुण्याले धाडून काय करता? बी.एड. करून टाका, बरं राहते पोरीले."

"ती मुद्दाम हरली," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "किल्ला उघडा टाकला तिनं. दिसलं नाही का तुमाले?"

तो हसला. "हरल्यावर सगळेच असंच म्हनतात." बाबाही हसले. आई लगबगीनं ताटली उचलून आत गेली. बहीण तर कधीच गच्चीवर निघून गेली होती, त्या उन्हात.

परतीच्या वाटेवर अमरावती येईपर्यंत साहेबांनी मला एकेक चाल ऐकवली. माणसाला इतकं आंधळं होता येतं हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. हा मूर्ख आहे म्हणून माझी बहीण घरी बसणार, आणि हा मूर्ख आहे कारण माझ्याच माहेरच्यांनी त्याला इतकी वर्षं प्रेमानं मूर्ख बनवलं. कोणाकोणाचा राग करावा!

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. "तू पुढं काय करणार होती?"

"जाऊ दे ना ताई."

"जाऊ दे काय? सांग."

तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात मी पहिल्यांदाच त्या गेममध्ये अक्कल पाहिली. जिजाजींनी सगळे ड्रॅगन पुढे धाडले होते आणि त्यांच्या स्वतःच्या किल्ल्यात म्हातारा द्वारपाल तेवढा ठेवला होता. तिची चेटकीण दलदलीमागे दबा धरून होती. तिच्या किल्ल्यातले भालेकरी जागेवर राहिले असते, तर ड्रॅगन तिथंच अडकले असते आणि चेटकीण मागून आत गेली असती. मी सगळं पाठ करून घेतलं.

संध्याकाळी साहेब टेबलावर बसले, तशी मी समोर खुर्ची ओढली. "कालचा डाव काढा. तिनं सैन्य बाहेर काढलं त्याच्या आधीचा सेव्ह. तिच्या बाजूनं मी खेळते."

"तू?" त्याला इतका आनंद झाला, की दया यावी. "तुले येते का?"

"नाही येत. म्हनूनच तं बसा."

मी भालेकरी किल्ल्यातच ठेवले. त्यानं ड्रॅगन घातले, ते अडकले. मी चेटकीण दलदलीतून काढली. तो म्हणाला, "हे काय करून राहिली? चुकली तू." पुढच्या चालीला चेटकीण त्याच्या दारात उभी होती. त्याचे ड्रॅगन वळेनात. मग द्वारपाल पडला आणि त्याचा झेंडा खाली आला.

त्याचा हात सवयीनं माउसकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"मागं जायचं नाही."

"अवं, एक चाल फक्त..."

"एक पन नाही. तिकडं तुमी जवाई असान. इथं तुमी माहा नवरा हायेत, अन् हरले. अन् मह्यापाशी नाही, तिच्यापाशी हरले. सगळ्या चाली तिनं सांगितल्या हायेत. आता बाबाले फोन लावा."

त्यानं फोन हातात घेतला. मग म्हणाला, "काय सांगू?"

"तिच्यात दम हाय एवढं सांगा. तुमी नाही सांगतलं तं मी लावते, अन् मंग कॅरमच्या राणीपासून सगळं सांगते."

"कॅरमचं काय?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं. मी टेबलाच्या कोपऱ्याकडे बोटानं एक टिचकी मारली, आणि तेव्हा कुठं त्याचा चेहरा पडला. त्यानं फोन लावला.

"बाबा," तो म्हणाला, "ते पुण्याचं... साळीबाई चांगली खेळते. मी हरलो तिच्यापाशी. खरंच हरलो."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बाबा गहिवरून बोलले. "जवाई, तुमचं मन भल्लं मोठं हाय. पोरीसाठी हार घेऊन राहिले अंगावर. जिंकलेला मानूस असं कोन बोलते? तुमी म्हनता ना, मंग धाडतो तिले पुण्याले."

मी कपाळावर हात मारला. माझा नवरा माझ्याकडे पाहत होता. हळूहळू त्याची पाठ सरळ झाली, मान वर झाली. "नाही बाबा, पोरगी हुशार हाय म्हनून म्हटलं," तो म्हणाला, पण इतक्या नम्रपणे, की बाबांना आणखी भरून आलं. पडलं तरी नाक वर! मनगट मी धरलं होतं, पण बाबांनी त्याला मागचा सेव्ह उघडून दिला.

ती निघाली त्या दिवशी आम्ही अकोल्याला स्टेशनवर गेलो. बाबांनी ओळखीच्या दोघा-तिघांना सांगितलं, जवायानं पुढाकार घेतला म्हणून. जवाई बॅगा मोजत होते. गाडी यायची वेळ झाली, तशी आई बहिणीला म्हणाली, "जिजाजीच्या पाया पड. त्यायच्यामुळंच चालली तू."

मी तोंड उघडणार होते. बहिणीनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ती खाली वाकली, पायाला हात लावला, उठली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाली, "जिजाजी, दिवाळीले आली की खेळू. आई घरी नसन तवा."

आई हसली, बाबा हसले. माझा नवरा बॅगा पुन्हा मोजायला लागला.