मिस्त्रीचा पाना

"हात मागे" हे शब्द आमच्या मिस्त्रीच्या तोंडून निघायच्या आत मनगटावर फटका बसलेला असायचा. आधी मार, मग सूचना. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या चपलांचा आवाज आला की सगळे सरळ उभे राहतात. आमचा त्यातला वरच्या दर्जाचा होता.

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या एका गाळ्यात मी प्रेस चालवतो. पत्रा आत सरकवायचा, वरून साचा धाडकन येतो, ताटली तयार. मिस्त्री पश्चिमेकडच्या डोंगरी गावाहून बसने यायचा. मशीन दुरुस्त करताना तो त्याच्याशी भांडायचा, त्याला लाथा घालायचा, आणि आम्ही हसलो की पाना उगारून आमच्याकडे वळायचा. "मशीन येडं न्हाय. तू येडा हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. प्रेस चालू असताना गाणी ऐकणाऱ्या एकाच्या कानाखाली त्याने अशी दिली होती, की इअरफोन उडून चहाच्या ग्लासात पडला.

माझ्या प्रेससमोर लाल दिव्यांच्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. त्यांच्या मधून हात गेला की शेजारच्या कॉम्प्युटरला कळायचं आणि तो साचा जागच्या जागी थांबवायचा. आम्ही असे हुशार, की पुढे पुढे बंद करायचं बटण दाबणंच सोडलं. प्रेस थांबवायचा असला की सरळ हात घालायचो. मिस्त्री सगळ्यात जास्त मारायचा तो यावरूनच, आणि सगळ्यात जास्त मार मीच खाल्लाय.

एकदा शेठला हवी असलेली नवी डिझाइन जुन्या सिस्टीमवर उघडेना, म्हणून मिस्त्रीने त्याच कॉम्प्युटरचा कर्नल बदलला. कर्नल म्हणजे सगळ्याच्या बुडाशी बसून, बाहेरच्या वायरी जिथे जोडतात त्या आतल्या कार्डांशी बोलणारा भाग. जागा कमी पडत होती, तर जुना कर्नल त्याने पुसूनही टाकला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या आणि एका ओळीवर सगळं गोठलं. पुन्हा चालू केला, पुन्हा तिथेच. त्याने रॅम काढून खोडरबराने घासली, वायरी उपटून परत लावल्या, डब्यावर बुक्के मारले. जुना कर्नल ठेवला असता तर त्याच्यावर चालू करता आला असता, म्हणून स्वतःलाही चार शिव्या घातल्या. मागे शेठ उभाच होता. "आज माल निकलना चाहिए," एवढंच तो परत परत म्हणत होता.

शेवटी ज्या कार्डापाशी घोडं अडत होतं, ते वगळून पुढे जायला मिस्त्रीने कॉम्प्युटरला सांगितलं. पडदा उजळला. खुशीत त्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो. शेठने सगळ्यांना कटिंग मागवली. प्रेस सुरू झाला. पट्ट्यांवरचे लाल दिवे रोजच्यासारखेच लागले होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

मिस्त्री माझ्या बाजूला स्टुलावर चहा पीत बसला होता. माझ्या खांद्यावरचं तेलकट फडकं घसरलं आणि पट्ट्यांच्या मधून आत पडलं. साचा थांबायला हवा होता. तो खाली आला, फडकं चेपून वर गेला. आणि मी सवयीने ते काढायला हात घातला.

त्या दिवशी तो "हात मागे" म्हणाला नाही. तेवढा वेळच नव्हता. लांब पाना माझ्या हातावर असा बसला की हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी जमिनीवर पडलो आणि वर साचा रिकाम्या जागेत आदळला.

मग तोच पाना कॉम्प्युटरवर. पडदा, डबा, आतली कार्डं, सगळ्याचा चुरा होईपर्यंत मिस्त्री मारत राहिला. शेठ ओरडत पुढे आला, तर त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं.

"ते कार्ड या पट्ट्यांचं होतं," मिस्त्री म्हणाला. "मीच ते वगळायला लावलं. मी बघितलं न्हाय."

रिक्षात त्याने अंगातला शर्ट काढून माझा हात बांधला आणि हॉस्पिटल येईपर्यंत मला शिव्या दिल्या. मध्येच थांबायचा, माझी बोटं एकेक करून चाचपायचा, की पुन्हा सुरू. त्या शिव्यांवर माझा फार जीव आहे.

तो कामावर परत आलाच नाही. प्लास्टर निघाल्यावर मी डोंगरीला गेलो. अंगणात बसला होता. माझा हात मांडीवर घेऊन त्याने मला मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. चला आता गाळ्यावर, मी म्हटलं.

"माझा हात आता मशीनवर न्हाय जात," तो म्हणाला.

ज्या हाताला सगळा गाळा टरकायचा त्या हाताने तो माझी बोटं पुन्हा एकेक करून चाचपत होता. मला रडू आलं, आणि त्यावरूनही तो मला मारेल असं वाटलं. त्याने मारलं नाही.

आता पट्ट्यांची वायर थेट प्रेसला जोडलीय, मध्ये कॉम्प्युटर नाही. तरी रोज कामाला लागायच्या आधी मी पट्ट्यांच्या मधून फडकं टाकून बघतो. साचा अर्ध्यावर थांबतो. मग मी बटण दाबून प्रेस बंद करतो, लोखंडी आकड्याने फडकं बाहेर ओढतो, आणि बाजूच्या स्टुलावर मारायला कुणी नसलं तरी हात मागे घेतो.