दाखल्यावरचं नाव

जूनमध्ये, सकाळच्या पहिल्या एसटीने मी पाटण सोडलं. आप्पांनी ट्रंक वर चढवली. अक्काने खिडकीतून प्लास्टिकची पिशवी दिली. आत मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला. "भिजवू नगंस," ती म्हणाली. गाडी सुटली.

तिसऱ्या दाखल्यावर आठ दिवसांपूर्वीपर्यंत अक्काचं नाव होतं. आजोबांची जमीन धरणात गेली होती. त्या बदल्यात कुटुंबातल्या एकालाच हा दाखला मिळे. त्यावर कॉलेजात काही जागा राखीव असत. अक्का माझ्याहून वर्षाने मोठी, बारावीचे गुणही माझ्याहून जास्त. तिचा डी.एड.चा फॉर्म भरून तयार होता. मला इंजिनीअरिंगला नवी मुंबईत जायचं होतं आणि माझे गुण कमी पडत होते. आप्पांनी दोन वाक्यांत निकाल दिला. "तिला हितं बालवाडी हाय. तुला भाईर जायाचंय."

नाव बदलायला तिचा संमतीचा अर्ज लागत होता. तहसील कचेरीबाहेरच्या बाकावर बसून तो मी लिहिला, कारण घरात माझं मराठी चांगलं समजलं जाई. 'मी स्वखुशीने माझा हक्क माझ्या भावाच्या नावे करीत आहे.' अक्काने अर्ज दोनदा वाचला. "लई झ्याक लिवलंयस," म्हणाली आणि सही केली.

नेरूळला काकांच्या खोलीवर उतरलो. काका तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. तेव्हा अर्धे सेक्टर रिकामे होते. सारसोळ्याच्या कोळीवाड्याकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास खोलीभर पसरे. मी सोसायटी, मेंटेनन्स, सबमिशन हे शब्द शिकलो. घरच्या पत्रात 'टेन्शन घेऊ नका' असं लिहू लागलो.

दुसऱ्या वर्षी इंजिनीअरिंग सोडलं. जमत नव्हतं, एवढंच कारण. काका जेवता जेवता थांबले. "अरं, ती कालेजातली सीट म्हंजी बाजारातली पाटी हाय व्हय, जड झाली की खाली ठिवायला?" अक्काला मी कळवलं नाही, काकांनी कळवलं. तिचं पत्र आलं. अंगणवाडीत लागल्याचं, म्हैस व्याल्याचं. सीटबद्दल अक्षर नव्हतं.

पुढे वर्तमानपत्रात लागलो. दर जूनमध्ये प्रवेशाचं पान माझ्याकडे असे. प्रवेश कशावर ठरतो ते मी क्रमाने लिही: गुण, प्रवर्ग, जिल्हा, कागदपत्रं. मजकूर अचूक असे. तो कागद घरात कुणाच्या नावावर करतात, हे मी एकदाही लिहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी अक्काची वर्षा बारावी झाली. फॉर्म भरायला दोघी नेरूळला आल्या.

"मामा, अॅडमिशनला सगळ्यात जास्त काय बघतात?"

"गुण," मी म्हणालो.

अक्का मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आनि घरातलं कोन भाईर जायाचंय, त्ये."

वर्षा हसली. मी झेरॉक्स काढायला खाली गेलो.

आज दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पत्ता विचारला की नेरूळचा देतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मात्र कचेरीबाहेरचा तो बाक आठवतो. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. ही फार उशिराची आहे. त्या अर्जातला 'स्वखुशीने' हा शब्द माझा होता. अक्काला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.