तळ्याला ‘येतो’ म्हणायचं नसतं

आमच्या ऑफिसातले जुने लोक एखाद्या लग्नात भेटले, की पहिला अर्धा तास बरा जातो. शुगर, बीपी, सुना. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते तळं आठवतं का गं?" झालं! ताटातला मसालेभात गार होतो आणि ज्याच्या त्याच्या खिशातून एक नवा किस्सा निघतो. काम केव्हाच संपलं, ऑफिसही बंद झालं, तरी किस्से दरवर्षी वाढतातच कसे, देव जाणे! मी आपले मला पक्के ठाऊक आहेत तेवढेच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाटणकर सरांचं प्लॅनिंगचं छोटं ऑफिस होतं. नाशिकच्या एका जुन्या उपनगराचं काम आमच्याकडे आलं. उपनगराचं नाव सांगणार नाही, माझी नणंद तिथे राहते. मुळात ते गावच, शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलेलं. तिथली बाजारपेठ मरायला टेकली होती, गिऱ्हाईक सगळं इंदिरानगरकडच्या नव्या दुकानांत जायचं. म्हणून गावच्या तळ्याकाठी चौपाटी, जॉगिंग ट्रॅक, बोटिंग आणि खाण्याचे गाळे करायचे आणि धंदा परत आणायचा, असा प्लॅन. मोजणी करायला विलास आणि दुकानदारांना प्रश्न विचारत उन्हात हिंडायला मी!

*

पहिल्या दिवशी तळ्याकाठच्या टपरीवर चहा घेतला. टपरी चंद्राक्कांची. निघताना मी सवयीनं म्हटलं, "येते हं आक्का."

आक्कांच्या हातातलं फडकंच पडलं. "अगं बाई, जाते म्हण! जाते!"

आता मला सांगा, आपल्यात कुणी ‘जाते’ म्हणतं का? लहानपणी म्हटलं असतं तर आईनं तोंडावर चापट मारली असती. तसं मी बोलूनही दाखवलं.

"घरी म्हन की येते," आक्का म्हणाल्या. "हितं नाय. तिला येतो म्हटलं की ती वाट बघती."

"ती कोण?"

आक्कांनी नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडे दाखवलं. आपण म्हणतो ‘ते तळं’. त्या गावात म्हातारे, पोरंसोरं, सगळे ‘ती’च म्हणायचे.

विलास म्हणजे पक्का वात्रट. थेट काठावर गेला, हात जोडले आणि ओरडला, "येतो गं बाई! नक्की येतो! वाट बघ!" आम्ही पोट धरून हसलो.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी विलासच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "बायको हाय ना रे घरी? मग हिला कशाला शब्द दिलास?"

*

माझा सर्व्हे तर अजबच निघाला. "तळ्यासमोर गाळा मिळाला तर घ्याल का?" असा प्रश्न होता. सगळे म्हणायचे, "घेऊ की! पण दार रस्त्याकडं पायजे." एकजात सगळे! मग माझ्या लक्षात आलं, गावातल्या सगळ्या घरांची पाठ तळ्याकडे. त्या बाजूला एक खिडकी नाही.

पाटणकर सर वैतागले. स्वतः आले आणि किराणावाल्या भाऊसाहेबांना समजावू लागले, "अहो, व्ह्यू! लोक व्ह्यूसाठी लांबून येतात. तळं बघत भेळ खातील!"

भाऊसाहेब शेंगदाणे जोखत होते. वर न बघता म्हणाले, "आपण तिला बघू हो साहेब, त्याचं काय नाय. ती आपल्याला बघती ना!"

*

पुढे एकदा हरसूलला दुसरं काम निघालं. जीप विलास चालवत होता, मी शेजारी. बायको रेखा कशी फणसाची भाजी करते, ते रंगवून सांगत होता. मला जरा डुलकी लागली. जाग आली तर जीप उभी आणि समोर पाणी.

"आलं का हरसूल?" मी विचारलं.

मी डोळे चोळून पाहिलं तर समोर आक्कांची टपरी! विलासचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि घाम असा की शर्ट पाठीला चिकटलेला. "मंजू," तो म्हणाला, "मी आत्ता त्र्यंबकच्या रस्त्यानं वर चढत होतो गं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. तो गंमत करतोय असं मला खूप वाटून घ्यायचं होतं, पण गंमत करणाऱ्याला असा घाम फुटत नाही.

*

पहिला टप्पा झाला आणि उद्घाटन ठरलं. मंडप, हार, पेढे सगळं होतं. नगरसेवक गावातलाच माणूस, भाषण झकास केलं आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "बरं मंडळी, जातो!" गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे आलेले पुढारी हबकलेच. "अहो, शुभकार्यात जातो काय म्हणता?" असं म्हणून त्यांनी माईक ओढला, "मी मात्र पुन्हा..."

आणि लाइट गेली! म्हणजे भाऊसाहेबांनी वायरच उपटली. वायर हातात धरून ते पुढाऱ्यांना म्हणाले, "साहेब, तुमी लय मोठी मानसं. तुमी नका येऊ."

*

बोटी आल्या, हंसाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या. रोज संध्याकाळी आपल्या काठाला बांधायच्या आणि रोज सकाळी त्या पलीकडच्या काठाला. पोरांचा चावटपणा म्हणून सरांनी रखवालदाराला झापलं.

तो बिचारा सरांना पलीकडे घेऊन गेला. "दोरी सुटलेली नाय साहेब, चांगली बांधलेली हाय. पन गाठ बगा ना. पान्याच्या अंगानं मारलेली हाय."

सरांनी गाठ पाहिली आणि बोटिंग प्लॅनमधून काढून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मेंटेनन्स परवडत नाही."

*

आता शेवटचा. यातलं घरी घडलेलं मला रेखानं स्वतः सांगितलं.

दुसऱ्या टप्प्याची मोजणी होती. विलासला तळ्यावर न्यायचं नाही असं मी सरांना शंभरदा बजावलं होतं, पण दुसरा माणूस आला नाही आणि हा गेला. मोजणीची उभी पट्टी घेऊन काठावर उभा होता तो पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती! सर ओरडतायत, "विलास, मागे फिर!" आणि हा अगदी शांतपणे, "अजून थोडं सर, रीडिंग येत नाहीये." चार जणांनी ओढून बाहेर काढला.

त्यानंतर तापानं फणफणला. डॉक्टर झाले, औषधं झाली. तापात एकच धोशा, "जायचंय, सांगून आलोय." त्याला बाहेरून कडी लावून ठेवायची वेळ आली. रेखा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मंजूताई, हे माणूस जाईल हो माझं!" मी तिला आक्कांकडे घेऊन गेले.

आक्का म्हणाल्या, "त्यानं शब्द दिलाय. आता त्याच्या मानसानंच जाऊन नाय म्हनावं."

भर दुपारी, लख्ख उन्हात, रेखा एकटी पायरीवर उतरली. पदर घेतला, नारळ ठेवला आणि म्हणाली, "ते यायचे नाहीत. आजारी आहेत. तुम्ही वाट बघू नका." वळताना बरोब्बर म्हणाली, "जाते!" शाब्बास बाई! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रिक्षानं ती घरी पोचली. कडी जशीच्या तशी होती. आत विलास उठून बसलेला, ताप साफ उतरलेला. म्हणाला, "भूक लागलीय गं." रेखाला हसू का रडू झालं. आधी वरण-भाताचा कुकर लावला, मग देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "अगं रेखा, चुकामूक झाली बघ! तुझ्याकडे आत्ताच एक बाई येऊन गेल्या. विलासची चौकशी करायला आल्या होत्या. आजारी आहे असं कळलं, म्हणून त्याच आल्या म्हणे. दाराला कडी बघून आमच्याकडे टेकल्या. घामानं नुसत्या भिजलेल्या बिचाऱ्या, जिना सगळा ओला! पण वागणं किती चांगलं. मी हळदकुंकू लावलं, तर वाकून नमस्कार केला. निघताना म्हणाल्या, ‘येते हं.’"

रेखानं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात काकू?"

"काय म्हणणार? म्हटलं, या हो! कधीही या, आपलंच घर आहे!"