कँटीनमधले तीन खेळ

शिट्टीताईचा आवाज एके काळी इतका खणखणीत होता, की हौशी नाटकमंडळात माइक बिघडला की सगळे तिलाच पुढे करत. नोकरी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात, कापड कापायच्या टेबलावर, संध्याकाळ तालमीची. अडतिसाव्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाच्या नावाने उरली ती कागद चुरगळल्यासारखी कुजबुज. मशिनांच्या खडखडाटात कुणाला हाक मारता येईना, म्हणून तिने गळ्यात शिट्टी अडकवली, आणि तेच नाव पडलं.

मंडळाच्या दिग्दर्शकाने तिला दुखवायचं नाही म्हणून कपडेपट सांभाळायला दिला. दोन वर्षं ती विंगेत दुसऱ्यांचे झगे हातावर घेऊन उभी राहिली. मग एका दुपारी मंडळाच्या लाइटवाल्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. परदेशातल्या कुठल्याशा शाळेचा वर्ग होता. दहाबारा माणसं गुडघ्यात वाकून, तळपाय जमिनीवर आपटत चालत होती आणि एका क्षणी दगडासारखी थांबत होती.

"यांचा अभिनय पायापासून सुरू होतो म्हणे," लाइटवाला म्हणाला. "बोलणं सगळ्यात शेवटी."

तिने ते चारदा पाहिलं. रविवारी रिकाम्या कारखान्यात, टेबलांच्या मधल्या बोळात, लाइटवाल्याने तिचं सहा मिनिटांचं काम चित्रित केलं आणि शाळेला पाठवलं. महिन्याने उत्तर आलं: निवड झाली आहे, अर्धी फी माफ. उरलेली फी, विमान आणि तीन महिन्यांचं राहणं मिळून तिचा चौदा महिन्यांचा पगार होत होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने आकडा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी नवी मोटरसायकल घ्यायला साठवलेले पैसे तिच्यापुढे ठेवले. "जुनी ढकलून चालू होतेय तोवर काय बिघडलं?" एवढंच म्हणाला.

एका संस्थेकडे अर्ज केला, तर पस्तिशीच्या वरच्यांना मदत नाही असं कळलं. मग तिने जेवणाच्या सुट्टीत खेळ करायला सुरुवात केली. आधी कारखान्यात, मग बस डेपोत. आठ तास उभं राहून कापड कापणाऱ्या बाईचा दिवस, एकही शब्द न बोलता. माणसं हसत, मग हळूहळू गप्प होत, आणि डब्यात थोडंफार टाकत.

"तुझ्या आजारपणाचं सांगू का यांना?" लाइटवाल्याने विचारलं. "पैसे पटापट जमतील."

"दयेचे नकोत," ती कुजबुजली. "खेळाचे हवेत."

पण मानी माणसाचं घोडं पैशापाशीच अडतं. जायला सात आठवडे उरले तेव्हा निम्मी रक्कमही झालेली नव्हती.

आणि तेव्हा नणंद आली. ही नवऱ्याची थोरली बहीण, एका मोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनची मॅनेजर. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात रजा कुणी घ्यायची यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. त्याला सहा वर्षं झाली होती. शिट्टीताईचा आवाज गेल्यावर तर अबोला कुठला आणि आजार कुठला, हे घरात कुणाला उमगेनासं झालं होतं.

नणंद खुर्चीच्या टोकावर बसली. "डेपोत बघितला तुझा खेळ. मागे उभी होते."

शिट्टीताईने पाण्याचा पेला पुढे केला.

"फुकट एक पैसा देणार नाही," नणंद म्हणाली. "माझ्या कँटीनमध्ये तीन खेळ कर. तिकीट लावू. डॉक्टर म्हणून कुणाला सूट नाही."

"लोक येतील, वन्सं?"

"न येऊन जातील कुठे? चहा माझ्याच हातचा प्यायचाय त्यांना."

तीनही खेळ भरले. दुसऱ्या खेळाला खुर्च्या कमी पडल्या, तर सर्जन उलट्या क्रेटवर बसले. त्यात तिच्या घशाचं ऑपरेशन केलेले डॉक्टरही होते. त्यांनी तिला ओळखलं, पण त्या दिवशी फक्त टाळ्या वाजवल्या. शेवटच्या दिवशी नणंदेने पाकीट दिलं. हिशोबापेक्षा त्यात बरंच जास्त होतं; उरलेली सगळी रक्कम त्यात भागत होती. शिट्टीताईने भुवया वर केल्या.

"माझं तिकीट आहे ते," नणंद म्हणाली. "आईच्या वेळी मी जे बोलले ना, त्याचं."

शिट्टीताईने तिचा हात धरला. मग दोघींनी मिळून खुर्च्या आवरल्या.

परदेशात पहिल्या आठवड्यात तळपायांना फोड आले. सत्तरीच्या शिक्षिकेने तिच्या कमरेवर पंजा ठेवून वजन खाली कसं सोडायचं ते दाखवलं. वर्गात नऊ देशांची माणसं होती. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे न बोलणारी ती एकटी उरली नाही. दर रविवारी ती घरी चिठ्ठी लिही आणि प्रत्येक चिठ्ठीत कुणा ना कुणाचे आभार असत: फुटका आरसा बदलून देणाऱ्या घरमालकिणीचे, कारखान्यात तिच्या वाटचं कापड कापणाऱ्या मैत्रिणींचे, एकदा तर डेपोतल्या त्या मेकॅनिकचे, ज्याने शेवटची सुटी नाणी डब्यात टाकली आणि पायी घरी गेला.

ती परतली त्याला आता दहा वर्षं झाली. कारखाना सुटलेला नाही. मंडळाच्या दिग्दर्शकाने आल्या आल्या तिला मध्यवर्ती भूमिका दिली. नाटकात एकही वाक्य नव्हतं आणि प्रयोग चाळीस झाले. आठवड्यातून दोन सकाळी, कँटीन उघडायच्या आधी, टेबलं भिंतीला लावून ती वर्ग घेते. त्याच डॉक्टरांनी पाठवलेली, घशाची ऑपरेशनं झालेली माणसं येतात, परिचारिका येतात, एक निवृत्त ड्रायव्हरही येतो. फी नाही. नणंद हातात चहा घेऊन दारात उभी राहते आणि कुणाचे पाय नीट पडत नाहीत ते मोठ्याने सांगते. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.