भातासोबत काय वाढायचं?

कारखान्याच्या कँटीनमधल्या मावशींचा मऊ पांढरा भात सगळ्यांना आवडायचा. सोबत तळलेले बटाटे असले की ताटं चाटूनपुसून साफ व्हायची. एका दुपारी कारखान्याचा एक ट्रकचालक जेवता जेवताच भोवळ येऊन कोसळला. साखर फार वाढली होती, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मावशींच्या जिवाला चैन पडेना.

"माझ्याच हातचं खाऊन झालं का हो हे?" त्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत.

"अगं, तो घरीही जेवतो ना!" तो समजूत घालायचा, पण मावशींना ते पटत नव्हतं.

सोमवारी त्यांनी भात निम्माच वाढला आणि बटाट्यांऐवजी लसणीचा पालक, उकडलेला राजमा अन् काकडी दिली.

"मावशी, आम्ही काय आजारी आहोत?" फोरमन कुरकुरला. राजमा तसाच उरला. मंगळवारी त्यांनी त्यात कांदा-टोमॅटो परतून घातला, तेव्हा कुठे पातेलं रिकामं झालं.

आठवड्याने चालक परतला. मावशी त्याच्या टेबलाभोवती घुटमळत राहिल्या.

"असं डोळ्यांत तेल घालून बघू नका हो, घास अडकतो," तो हसला आणि आणखी राजमा मागितला. मावशींनी वाढला खरा, पण भाताचं पातेलं मात्र त्याच्यापासून लांब सरकवलं.